व्हाया, व्हायल की थेट क्यूएमके?

प्रोग्रॅमेबल कीबोर्ड (ज्याच्या कीजची कामं बदलता येतात असा) घेतला की लेयर, म्हणजे त्याच कीजना वेगळी कामं देणाऱ्या मांडण्या, कशात बसवायचे, हा प्रश्न येतोच. क्यूएमके हे कीबोर्डच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर; व्हाया आणि व्हायल ही कोड न लिहिता कीज बदलायची साधनं. आधी व्हायाच वापरून बघा. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये उघडा, चित्रातल्या कीवर क्लिक करून तिला नवं काम द्या, झालं. बदल कीबोर्डच्याच मेमरीत राहतो, त्यामुळे दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडला तरी मांडणी तीच. सहसा ४ लेयर मिळतात. माझं ३ वर भागतं. अट एवढीच की बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये व्हाया चालू असावं लागतं.

क्यूएमकेत कीमॅप (कोणती की काय करते ती यादी) सी भाषेच्या फाइलमध्ये लिहायचा, कंपाइल करायचा, बोर्ड बूटलोडरमध्ये (नवं फर्मवेअर घ्यायच्या स्थितीत) नेऊन फ्लॅश करायचा, म्हणजे त्यात भरायचा. एक की हलवायची तरी हाच फेरा. मग ही उठाठेव कोणी करावी? ज्याला टॅप-होल्ड छळतं त्याने.

माझा स्पेसबार टॅप केला तर स्पेस देतो, दाबून धरला तर दुसरा लेयर उघडतो, तिथे एच-जे-के-एल हे बाण. टॅप की होल्ड, हे ठरवायची क्यूएमकेची मूळ मुदत २०० मिलिसेकंद. माझा अंगठा स्पेसवर रेंगाळतो, आणि पुढचं अक्षर एच असलं की ते उमटायच्या ऐवजी कर्सरच डावीकडे सरकतो. व्हायात ही मुदत सहसा बदलता येत नाही. व्हायलमध्ये येते, पण सहसा साऱ्या बोर्डाला एकच. क्यूएमकेत एकट्या स्पेसला २५० दिले, बाकी कीज तशाच ठेवल्या. बाण आता किंचित उशिरा जागे होतात, ते चालतं.

कोड नको पण कॉम्बो (दोन-तीन कीज एकत्र दाबून वेगळं काम), टॅप डान्स (एकाच कीला किती वेळा टॅप केलं त्यावर वेगळं काम) हवेत, तर व्हायल. त्याचं वेगळं फर्मवेअर मात्र आधी टाकावं लागतं. कीबोर्डमधल्या जुन्या ३२यू४ चिपवर फ्लॅश मेमरी जेमतेम ३२ केबी, तिथे हौसेला आवर घालावा लागतो. ब्लूटूथ हवं असेल तर हे तिन्ही सोडून झेडएमके हे दुसरं फर्मवेअर बघा.

टॉगलने (एकदा दाबली की लेयर चालू, पुन्हा दाबली की बंद करणाऱ्या कीने) लेयर चालू करणार असाल तर त्या लेयरवर टॉगलची जागा पारदर्शक (खालच्या लेयरचंच काम करणारी) ठेवा, म्हणजे व्हायातलं उलटं त्रिकोणी चिन्ह. तिथे रिकामी की ठेवलीत तर आत अडकून बसाल. मग केबल काढून पुन्हा लावायची.

आणि नवं फर्मवेअर फ्लॅश केलं की व्हायातली मांडणी बहुतेक वेळा पुसली जाते. आधी सेव्ह करून फाइल बाजूला ठेवा. मी दोनदा सगळं हाताने पुन्हा भरलंय.