शिडाची होडी, एक बेट आणि चार मुले

शाळेत असताना व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेला ‘स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स’ हा १९७४ सालचा ब्रिटिश चित्रपट नुकताच मुलीला घेऊन पुन्हा पाहिला. आर्थर रॅन्सम यांच्या १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर तो आधारलेला असून दिग्दर्शन क्लॉड व्हॉटम यांचे आहे.

कथा १९२९ च्या उन्हाळ्यातली आहे. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये सुट्टीला आलेल्या वॉकर भावंडांना शिडाच्या होडीतून जाऊन तळ्यातल्या बेटावर तंबू ठोकून राहायचे आहे आणि त्यासाठी नौदलात असलेल्या वडिलांची परवानगी हवी आहे. मुले अनाडी असतील तर बुडालेली बरी आणि नसतील तर बुडणारच नाहीत, अशा अर्थाची त्यांची तार येते. लहानपणी ही तार मला नुसती गमतीची वाटली होती. आज मुलीला तलावात उतरू देताना माझा जीव वरखाली होतो, तेव्हा त्या चार शब्दांमागचा विश्वास केवढा मोठा आहे हे जाणवते.

शीड चढवणे, नांगर टाकणे, चूल पेटवून सर्वांसाठी रांधणे ही कामे मुले मन लावून करतात आणि दिग्दर्शकही त्यांच्याकडे तितक्याच गांभीर्याने पाहतो, ही या चित्रपटाची खरी श्रीमंती आहे. भावंडांपैकी टिटी ही मुलगी बेटावर एकटीच, कादंबरीतल्या निर्जन बेटावर अडकलेल्या रॉबिन्सन क्रूसोसारखी होऊन राहिलेली असताना आई वल्ही मारत भेटायला येते, तो प्रसंग मला सर्वांत प्रिय आहे. व्हर्जिनिया मॅकेना यांची आई तिथे हुकूम सोडत नाही, ती सरळ क्रूसोचा सोबती फ्रायडे होऊन लेकीशेजारी बसते आणि खेळ मोडू देत नाही. मुलांच्या खेळात शिरण्याची ही अदब फार थोड्या मोठ्यांना साधते.

उणिवाही आहेत. पूर्वार्ध संथ आहे आणि रात्रीचे काही प्रसंग भरदिवसा चित्रित केल्यासारखे उजळ दिसतात. मोठ्या माणसांना मुले ‘नेटिव्ह’ म्हणतात, तेव्हा त्या खेळात मुरलेली साम्राज्याची भाषा आपल्याला खटकल्यावाचून राहत नाही. मुलांना ती समजावून सांगावी, असे मला वाटते.

२०१६ मध्ये याच कादंबरीवर निघालेल्या चित्रपटात थरार वाढवण्यासाठी रशियन हेर आणले गेले. मला ते अनावश्यक वाटले. जुन्या चित्रपटात टिटी स्वतःला ‘अ‍ॅमेझॉन्स’ म्हणवणाऱ्या प्रतिस्पर्धी बहिणींची होडी पळवते, तळ्यात नांगरून रात्रभर एकटी बसते आणि काळोखातून अनोळखी माणसांच्या वल्ह्यांचा आवाज जवळ येऊ लागतो. तेवढ्यानेच माझ्या मुलीने माझा हात घट्ट धरला आणि ती माणसे दूर जाईपर्यंत सोडला नाही.