एटानर्सेप्ट ५० मिग्रॅ. इंजेक्शन: एचआयव्हीसोबत संधिवात असलेल्यांसाठी कसं आहे?

आमवात किंवा सोरायसिसचा संधिवात मेथोट्रेक्सेट या नेहमीच्या औषधाला दाद देत नसेल आणि सोबत एचआयव्ही असेल, तर बायोलॉजिक (सजीव पेशींपासून बनवलेल्या) औषधांत आमची पहिली पसंती एटानर्सेप्टला आहे. 'इंटासेप्ट', 'एटासेप्ट' ही त्याची भारतात मिळणारी बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच बनवलेली रूपं.

कारण सरळ आहे. त्याचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे चार दिवसांचं, तर त्याच गटातल्या अ‍ॅडालिमुमॅबचं सुमारे दोन आठवड्यांचं. संसर्ग झाला तर एटानर्सेप्ट तीनेक आठवड्यांत शरीरातून निघून जातं, अ‍ॅडालिमुमॅबला दोन महिन्यांहून जास्त लागतात. टीबी उफाळण्याचा धोकाही अ‍ॅडालिमुमॅब-इन्फ्लिक्सिमॅबपेक्षा कमी दिसतो. हे प्रथिन असल्याने टीएलडीशी (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर असलेली एचआयव्हीची गोळी) त्याची टक्कर होत नाही. संधिवातावरच्याच टोफासिटिनिबच्या गोळ्यांचं तसं नाही: रिटोनाव्हिर असलेल्या एआरटीसोबत (एचआयव्हीवरचे उपचार) त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

पुरावा मात्र तुटपुंजा आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, टीएनएफरोधक (एटानर्सेप्टच्या गटातली, टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणारी) औषधं घेतलेल्या आठ एचआयव्हीबाधितांच्या नोंदीत सगळ्यांचे सीडी४ (रोगप्रतिकारक पेशींची संख्या) २०० च्या वर होते आणि औषधामुळे मोठा त्रास झाला नव्हता. म्हणून सीडी४ २०० च्या खाली असेल किंवा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आटोक्यात नसेल, तर आधी एआरटीची घडी बसवा.

खरी चूक होते ती तयारीत. सीडी४ कमी असताना किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असताना मांटू ही टीबीची त्वचेवरची चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे छातीचा एक्स-रे आणि लक्षणांची विचारपूस हवीच. सुप्त (लक्षणं नसलेला) टीबी निघाला तर आयसोनियाझिड हे टीबीचं औषध सुरू करून किमान महिनाभर थांबावं. हा कोर्स एआरटी केंद्रात आधीच झाला असेल तर कार्डावरची नोंद दाखवा. हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजीसोबत (सध्याचा संसर्ग दाखवणारी चाचणी) अँटी-एचबीसीही (पूर्वी झालेला संसर्गही दाखवणारी) तपासा. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. मूत्रपिंडाच्या कारणाने टेनोफोव्हिर बदललं की हे कवच पातळ होतं, आणि संधिवाताच्या डॉक्टरांना ते कुणी कळवत नाही. कोट्रायमॉक्साझोल (सीडी४ कमी असताना संसर्ग टाळायला देतात ते औषध) चालू असेल तर मेथोट्रेक्सेटसोबत रक्तपेशी धोकादायक घटू शकतात. दोन्ही डॉक्टरांसमोर सगळ्या गोळ्यांची एकच यादी ठेवाच.

वापर सोपा आहे. आठवड्यातून एकदा, मांडीत किंवा पोटावर, बेंबीपासून पाच सेंटिमीटर दूर. दर वेळी जागा बदलून. सिरिंज २ ते ८ अंशांत ठेवा, गोठू देऊ नका. टोचण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढा, हलवू नका. पहिल्या महिन्यात टोचल्या जागी लाली येते, ती बहुधा आपोआप जाते. ताप आला तर पुढचा डोस न घेता आधी डॉक्टरांना दाखवा.

उणीव एक, पण मोठी: डोळ्यांच्या युव्हिआयटिसवर (डोळ्याच्या आतला दाह) आणि आतड्याच्या क्रोन्स आजारावर हे औषध कमी पडतं. तिथे धोका पत्करूनही, कडक देखरेखीखाली, अ‍ॅडालिमुमॅबसारखं औषध घ्यावं लागतं.