खिडक्यांना जाळ्या बसवून नऊ महिने झाले: काय टिकलं, काय उखडलं

आमचं बैठं घर कराडच्या बाहेर आहे. मागे ऊस, उजव्या हाताला शेजाऱ्यांचा चार म्हशींचा गोठा. दिवसभर माश्या आणि दिवेलागणीपासून डास, हे इथे लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. पण दीड वर्षापूर्वी ऑगस्टमध्ये मुलीला डेंग्यू झाला. पाच दिवस दवाखान्यात होतो, रोज सकाळी रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत घशाखाली घोट उतरत नव्हता. ती घरी आली त्याच दिवशी ठरवलं की आधी घराला जाळ्या, बाकी सगळं नंतर. पैसे जमून जाळ्या बसायला पुढच्या वर्षीच्या मे महिन्याची अखेर उजाडली. आता फेब्रुवारी संपत आलाय. उन्हाळ्याचं शेपूट, अख्खा पावसाळा आणि थंडी बघून झाली, म्हणून आता लिहितेय.

एकाच प्रकारची जाळी सगळीकडे परवडली नाही. दोन्ही बेडरूमला घड्यांची सरकती जाळी घेतली, तिला प्लिटेड म्हणतात. हॉलच्या स्लायडिंग खिडकीत जाळीचा तिसरा पल्ला टाकला. स्वयंपाकघराला वेलक्रोची जाळी आणि मागच्या दाराला लोहचुंबकाचा पडदा. मजुरीसकट साडेअकरा हजार गेले.

घेताना एक गोष्ट जरूर बघा. जाळी हातात घेऊन एका इंचात उभी-आडवी किती भोकं आहेत ते मोजा. साधारण 18 बाय 16 असेल तर डास अडतो. चिलटं त्यातूनही येतात. त्याहून बारीक घेतली तर चिलटंही थांबतात, पण वारा अडतो आणि मे महिन्यात घर उकडतं. आम्ही 18 बाय 16 घेतली आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

बेडरूमच्या प्लिटेड जाळीवर मी पूर्ण समाधानी आहे. एका हाताने सरकते, नको तेव्हा कडेला गोळा होते, पावसाच्या सपकाऱ्यातही घड्या बसल्या नाहीत. फक्त खालच्या पट्टीत धूळ साचली की दोरे अडकतात. मी पंधरा दिवसांनी जुन्या दातांच्या ब्रशने ती पट्टी झाडते. दोरा तुटला तर घरी बसवता येत नाही, कारागीरच लागतो.

हॉलच्या सरकत्या जाळीने मात्र दीड महिना फसवलं. जाळी लावलेली असूनही संध्याकाळी सात वाजता हॉलमध्ये डास. कारागिराला दोनदा बोलावलं, तो म्हणाला दारातून येत असतील. शेवटी एका रात्री बाहेरचा दिवा लावला, आत अंधार केला आणि खिडकीजवळ उभी राहिले. उजेड कुठून आत येतो ते लगेच दिसलं. काचेचा पल्ला अर्धवट उघडा ठेवला की काच आणि जाळी यांच्या मध्ये वरपासून खालपर्यंत बोटभर फट राहते. काच एक तर पूर्ण उघडायची, नाहीतर पूर्ण लावायची. मधे कुठे ठेवली की जाळी असून नसून सारखी. दुसरी वाट होती खालच्या ट्रॅकमधली पावसाचं पाणी जायची भोकं. तिथे उरलेल्या जाळीचे तुकडे चिकटवले. पाणी जातं, डास येत नाही. पल्ल्याच्या कडेची लोकरीची पट्टीही दोन ठिकाणी तोकडी पडली होती, ती बदलून घेतली. ज्यांच्याकडे अशी खिडकी आहे त्यांनी अंधारात हे एकदा करून बघा.

वेलक्रोची जाळी स्वस्त, साडेतीनशे रुपयांत आली, पण स्वयंपाकघराला घेऊ नका. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर पट्टी घट्ट बसली, भिंतीच्या रंगावर जिथे चिकटवली होती तिथून जूनमध्येच रंगाच्या पापुद्र्यासकट सुटली. फोडणीच्या वाफेने जाळी तेलकट होते, तेलावर धूळ बसते, आणि तीन महिन्यांत वारा यायचा बंद. काढून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवते, ते एक बरं आहे. पण ऑक्टोबरात खारीने कोपऱ्यात रुपयाएवढं भोक पाडलं. तिथे आता स्टीलची जाळी चौकटीत ठोकून घेतलीय. पहिल्यापासून तीच घ्यायला हवी होती.

चुंबकाचा पडदा बरा आहे. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन्ही हातांत भांडी घेऊन मोरीकडे जातात, पडदा आपोआप उघडतो आणि मागे मिटतो. वाऱ्याने खालचा भाग उडायचा, म्हणून तळाला दोन वायसर शिवले.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्याबद्दल. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलगी भरदिवसा टेबलाखाली पाय खाजवताना दिसली. वाकून बघितलं तर घोट्याशी डास, काळा, पायांवर पांढरे पट्टे. डेंग्यूचा एडिस. न्हाणीघर सोडलं तर खिडक्या-दारं सगळी जाळीबंद होती. मला तर रडूच कोसळलं. त्याच आठवड्यात आशाताई घरं तपासत आल्या. पिंप बघितलं, टाकीचं झाकण बघितलं, मग म्हणाल्या, "वहिनी, फ्रिज जरा पुढे ओढा." फ्रिजच्या मागे खाली पाणी साचायचा एक ट्रे असतो, तो मी घर लागल्यापासून बघितला नव्हता. टॉर्चच्या उजेडात त्यात अळ्या वळवळत होत्या, उजेड पडला तशा खाली बुडाल्या. हॉलमधल्या मनी प्लांटच्या बाटलीतही तेच. म्हणजे बाहेरचे डास मी बाहेर ठेवले होते आणि घरात जन्मलेले आत कोंडून घेतले होते.

आशाताईंनी समजावलं ते इथे देते. एडिस स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी केली तर साखळी तुटते. कोरडा दिवस पाळायचा तो याचसाठी. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या पातळीजवळ भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून काथ्याने घासायचं. आमचा कोरडा दिवस रविवार. फ्रिजचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, पिंप, माठाखालचं ताट, कुलर असेल तर त्याची टाकी. मागच्या हौदात गप्पी मासे सोडलेत, प्राथमिक आरोग्य केंद्रातून फुकट मिळाले. ऑक्टोबरपासून घरात पट्ट्यांचा डास दिसला नाही.

रात्रीचे डास वेगळे. ते क्युलेक्स, घाण पाण्यातले. आमच्याकडे ते यायचे संडासाच्या टाकीतून. टाकीच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला नायलॉनचं कापड दुहेरी करून तारेने बांधलं. वीस रुपयांचं काम, आणि मला विचाराल तर साडेअकरा हजारांच्या जाळ्यांइतकंच मोलाचं. ऊन खाऊन कापड विरतं, जानेवारीत बदललं. मोरीचं पाणी परड्यात साचायचं, तिथे शोषखड्डा घेतला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी असे खड्डे घेऊन डास हटवले, ते वाचून मामंजींनीच मनावर घेतलं. चार फूट खड्डा, मधे भोकं पाडलेली सिमेंटची नळी, भोवती दगड. तिथला चिखल आता गेला.

माश्यांना जाळी अर्धीच पुरते. दार उघडलं की दोन-चार येतातच, आणि पावसाळ्याच्या तोंडाला गोठ्याकडून थवे. माशी ताज्या शेणात अंडी घालते आणि उष्ण हवेत आठवडा-दहा दिवसांत नवी पिढी उडते. शेजारचे दादा पूर्वी शेण भिंतीलगत उघड्यावर टाकायचे. आम्ही भांडण केलं नाही. ते घरच्यासारखे आहेत, त्यांच्याच म्हशीचं दूध आमच्याकडे येतं. मिस्टर आणि ते बसून बोलले, आम्ही ताडपत्री आणून दिली. आता शेण रोज लांबच्या खड्ड्यात जातं आणि वर ताडपत्री असते. आतल्या उष्णतेने अळ्या तगत नाहीत. जुलैमध्ये जेवताना एक हात ताटावर फिरवत बसावं लागायचं, आता तसं नाही. उरलेल्यांसाठी ओट्यापासून लांब चिकट पट्टी टांगते.

बाकी जे वापरलं त्याबद्दल थोडक्यात. लिक्विडचं मशीन पूर्वी महिन्याला दोन बाटल्या खायचं, आता दोन महिन्यांत एक संपत नाही. रॅकेट संध्याकाळी जाळ्या ओढून घेतल्यावर आतल्या चार-पाच डासांपुरती उपयोगी. पंखा चालू ठेवणं खरंच कामाचं, डास उडायला दुबळा असतो, वाऱ्यात त्याला अंगावर बसता येत नाही. आवाजाने डास पळवणारं प्लगचं यंत्र दिरांनी आणलं होतं, त्याच्या शेजारी बसून डास चावले. असल्या यंत्रांच्या चाचण्यांतही चावणं कमी झालेलं नाही, पैसे घालू नका. धूर फवारणीची गाडी येते तेव्हा उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात, म्हणून तिच्या भरवशावर राहू नका. घरात लहान मूल किंवा दुपारी झोपणारं म्हातारं माणूस असेल तर जाळ्या असल्या तरी मच्छरदाणी ठेवा. आईंच्या कॉटला आहे, दिवसाही खाली सोडलेली असते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. न्हाणीघराच्या खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या आहेत. जाळी बाहेरून लावली तर धुता येत नाही आणि आतून लावली तर पट्ट्यांचा दांडा फिरत नाही. सध्या संध्याकाळी दार ओढून घेते. अशा खिडकीला कोणी जाळी बसवली असेल तर कशी बसवली ते मापासकट सांगा, पावसाळ्याच्या आत मला ते करून घ्यायचंय.