लाईन सारखी तुटते: आतला मोडेम ठेवावा की बाहेरचा घ्यावा?

डायल-अपचं, म्हणजे फोनच्या लाईनवरून मोडेमने जोडलेलं इंटरनेटचं कनेक्शन दर दहा-पंधरा मिनिटांनी तुटायला लागलं की भेटेल तो एकच सांगतो, 'मोडेम बदलून बघ.' बदलायचा तर पुन्हा कॉम्प्युटरच्या पोटात बसणारं कार्डच घ्यायचं, की टेबलावर ठेवून कॉम्प्युटरमागच्या सिरियल पोर्टला केबलने जोडायचा डबा? मी साडेतीन वर्षं कार्ड वापरलं, आता वर्षभर बाहेरचा वापरतोय. वेगासाठी विचारत असाल तर जे हाताशी आहे तेच ठेवा. दोन्ही व्ही.९० या वेगाच्या मानकावर चालणारे, आणि माझ्या लाईनवर दोन्ही सेकंदाला ४४,००० किंवा ४५,३३३ बिटला जुळतात. क्वचित एखाद्या दिवशी एक पायरी वर. खोक्यावरचे ५६,००० मला आजवर दिसलेले नाहीत.

माझं दुखणं वेगळं होतं. लाईन तुटणं एक वेळ चालवून घेतलं असतं, तुटल्यानंतर जे व्हायचं ते सहन होईना. स्क्रीनच्या कोपऱ्यात कनेक्शन चालू असल्याची खूण असलेले ते दोन छोटे कॉम्प्युटर तसेच दिसत राहायचे, वेळ पुढे सरकत असायची, पान मात्र अर्ध्यावर अडकलेलं. पाच मिनिटं वाट बघायची, मग डिसकनेक्ट करायचं. पुन्हा डायल करायला जावं तर उत्तर यायचं की मोडेम दुसरा प्रोग्रॅम वापरतोय. कुठला दुसरा प्रोग्रॅम? सगळं बंद केलं तरी तेच. कार्डाला स्वतःचा स्विच नसतो, त्यामुळे उपाय एकच, मशीन रीस्टार्ट. एका संध्याकाळी मी हे पाच वेळा केलं. पाचव्यांदा उघडं असलेलं अर्धं लिहून झालेलं पत्रही गेलं, आणि त्या रात्री बाहेरचा घ्यायचं ठरलं.

कार्डावर सरसकट खापर फोडणं बरोबर नाही, हे मान्य. माझं कार्ड सॉफ्ट मोडेम होतं. 'विनमोडेम' हे खरं तर यूएसरोबोटिक्सचं नाव, पण बोलताना आपण या जातीच्या सगळ्याच कार्डांना तेच म्हणतो. यात मोडेमचं निम्मंअधिक काम कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरला करावं लागतं. तो दुसरीकडे गुंतला की लाईनवरचा सिग्नल सांभाळायचा राहून जातो. माझ्याकडे व्हायरस स्कॅन सुरू झाला की पाचेक मिनिटांत लाईन गेलीच समजा. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण इतक्या वेळा झालं की योगायोग म्हणवत नाही. हे काम स्वतःच सांभाळणारा कंट्रोलर असलेली कार्डंही मिळतात. तुमचं तसं असेल तर माझं अर्धं गाऱ्हाणं तुम्हाला लागू नाही.

बाहेरच्याला स्विच आहे. अडकला की बंद करा, चालू करा, पुन्हा डायल करा. बाकीचं काम जिथल्या तिथे राहतं. माझ्यापुरता निकाल खरं तर इथेच लागला होता. पण पुढे कामाला आले ते त्याचे दिवे. ओएच म्हणजे मोडेमने लाईन उचलली आहे. सीडी म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर ऐकू येतोय. एसडी आणि आरडी म्हणजे माहिती जातेय, येतेय. पान अडकलं असताना सीडी पेटलेला आणि आरडी थंड असेल, तर बहुधा तुमची लाईन ठीक आहे, घोळ पलीकडे आहे. सीडीच विझला तर मात्र सूरच तुटला, आणि शोध आधी आपल्या वायरपासून सुरू करायचा.

तोवर मी सेवा देणाऱ्यांना मनातल्या मनात बरंच बोलून घेतलं होतं. दोन दिवस दिव्यांकडे बघितलं, दर वेळी सीडीच विझत होता. मग रिसीव्हर उचलला, डायल टोन जावा म्हणून एक आकडा दाबला आणि त्या शांततेत कान दिला. बारीक खरखर. भिंतीवरच्या डबीत थेट फोन लावून तेच केलं, खरखर नाही. म्हणजे दोष डबी आणि टेबल यांच्यामधल्या वायरीत. कपाट ओढलं तर मागे एक सांधा होता, नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेला. पट्टी सोडवली, आतलं तांबं हिरवं पडलेलं. लाईन चालू ठेवून सांधा जरासा हलवला आणि वळून टेबलाकडे पाहिलं, सीडी विझलेला.

म्हणजे लाईन तुटायला मोडेम जबाबदार नव्हताच. सलग नवी वायर टाकल्यावर उत्सुकतेपोटी आठवडाभर जुनं कार्ड परत लावून पाहिलं. तुटणं जवळपास थांबलं होतं. तरी दोनदा 'दुसरा प्रोग्रॅम' आडवा आलाच.

कार्डाच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. अ‍ॅडॅप्टर नको, जास्तीचा प्लग नको, टेबलावर पसारा नाही. ते अगदी मुकंही नाही, विंडोजमध्ये मोडेमची लॉग फाईल, म्हणजे घडामोडींची नोंद, चालू करता येते. ती वाचायची मात्र सगळं होऊन गेल्यावर. बाहेरच्यासोबत केबल येते का ते बघून घ्या, मोडेमकडे २५ पिना आणि कॉम्प्युटरकडे ९. फारच जुन्या मशीनच्या सिरियल पोर्टमध्ये आलेले बाइट क्षणभर साठवून ठेवणारी १६५५० चिप नसेल तर सेकंदाला ११५,२०० बिटच्या वेगाला बाइट गळतात. आणि यूएसबीवाला घेताना जपून, बाहेर दिसला तरी आतून सॉफ्ट मोडेम निघू शकतो. 

वायर बदलणं हातात नसेल तर दोन उपाय आहेत, दोन्ही प्रकारच्या मोडेमला चालणारे. एस१० हा रजिस्टर, म्हणजे मोडेममधली एक सेटिंग, सूर गेल्यावर किती वेळ थांबायचं ते ठरवतो, तेही सेकंदाच्या दहाव्या भागात. बऱ्याच मोडेममध्ये तो १४ असतो, मी ५० केला. कॉल वेटिंगच्या 'टुक'ने लाईन जाणंही त्याने कमी झालं. दुसरा उपाय म्हणजे व्ही.९०चा हट्ट सोडून मोडेमला जुन्या, हळू व्ही.३४ मानकावर आणणं, बऱ्याच मोडेमवर एटी+एमएस=व्ही३४ या आज्ञेने ते होतं. मग वेग ३३,६०० च्या वर जात नाही, पण खरखरीच्या लाईनवर तो टिकतो.

बाहेरच्याचा एक त्रास राहिलाच. रात्री खोलीत अंधार केला की ती लाल दिव्यांची रांग डोळ्यांत खुपते. मी रांगेवर काळी पट्टी चिकटवली आहे. सीडी तेवढा उघडा ठेवलाय.