‘द पोलर एक्सप्रेस’ की ‘क्लाउस’? नाताळच्या संध्याकाळसाठी दोन ॲनिमेशनपटांचा तुलनात्मक आढावा

नाताळच्या संध्याकाळी मुलांसोबत बसून एकच चित्रपट पाहायचा असेल, तर २००४ चा ‘द पोलर एक्सप्रेस’ आणि २०१९ चा ‘क्लाउस’ हे दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. मात्र त्यांच्याविषयी ऐकू येणाऱ्या मतांचे स्वरूप फार वेगळे आहे. ‘क्लाउस’बद्दल तक्रार करणारे थोडे भेटतात. ‘पोलर एक्सप्रेस’ मात्र काही कुटुंबे दरवर्षी न चुकता पाहतात, तर काहींना तो अर्ध्या तासातच बंद करावासा वाटतो, आणि दोन्ही बाजू आपल्या मतावर ठाम असतात. हा मतभेद केवळ आवडीनिवडीचा आहे असे मला वाटत नाही. त्यामागे ठोस कारणे आहेत आणि ती कळली तर आपल्या घरासाठी निवड करणे बरेच सोपे होते.

‘पोलर एक्सप्रेस’ची कथा अगदी छोटी आहे. सांताक्लॉज खरा असतो का, अशी शंका येऊ लागलेल्या एका मुलाच्या दारात नाताळच्या आदल्या रात्री आगगाडी येऊन थांबते आणि त्याला उत्तर ध्रुवाकडे घेऊन जाते. क्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांचे मूळ चित्रपुस्तक १९८५ चे असून त्याला पुढल्या वर्षी मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी दिले जाणारे कॅल्डेकॉट पदक मिळाले. काही मिनिटांत वाचून होणारे हे पुस्तक दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी १०० मिनिटांपर्यंत वाढवले, आणि वाढवलेला बहुतेक भाग प्रवासातल्या संकटांचा आहे: हरवलेले तिकीट, डब्याच्या छतावरचा गूढ प्रवासी, रुळांवर आलेला रेनडिअरांचा कळप, गोठलेल्या सरोवरावर तडकणारा बर्फ. ज्यांना पुस्तकातली शांतता प्रिय आहे त्यांना ही धावपळ उपरी वाटते. त्यांचे म्हणणे मला पटते, कारण तिसऱ्या संकटानंतर गाडी सुखरूप पोहोचणार याची इतकी खात्री पटते की धास्ती उरतच नाही.

पण खरा वाद चेहऱ्यांचा आहे. हा चित्रपट संपूर्णपणे ‘परफॉर्मन्स कॅप्चर’ पद्धतीने तयार झाला. या पद्धतीत कलाकारांच्या अंगावर आणि चेहऱ्यावर चमकदार ठिपके लावून त्यांच्या हालचाली संगणकात टिपल्या जातात आणि त्या हालचालींवर पात्रांची शरीरे चढवली जातात. बुबुळांवर मात्र ठिपके लावता येत नाहीत, म्हणून डोळ्यांची हालचाल ॲनिमेटरांना नंतर वेगळी घडवावी लागली. गाल आणि ओठ खऱ्या माणसाचे, पण नजर नंतर बसवलेली, अशी ही जोडणी असल्यामुळे पात्रे एकमेकांशी बोलताना एकमेकांकडे पाहत आहेत असे पुष्कळदा वाटत नाही. त्यात भर म्हणजे मुलांच्या भूमिकाही मोठ्यांनी केल्या आहेत. टॉम हँक्स यांनी कंडक्टर, वडील, छतावरचा प्रवासी आणि सांता यांच्यासोबत नायक मुलाच्या हालचालीही दिल्या, मुलाचा आवाज मात्र दुसऱ्या कलाकाराचा आहे. आठ-नऊ वर्षांचे मूल प्रौढासारखे तोलून पाऊल टाकते तेव्हा काय खटकले ते प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण खटकते हे नक्की. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच हे मांडले होते की कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला जवळची वाटते, पण जवळजवळ माणूस झाल्यावर ती एकदम नकोशी वाटू लागते. ‘अनकॅनी व्हॅली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परिणामाची चर्चा निघाली की आजही ‘पोलर एक्सप्रेस’चे उदाहरण हमखास दिले जाते.

म्हणून या चित्रपटाची स्तुती करणारे चुकतात असे मात्र नाही. रॉजर एबर्ट यांच्यासारख्या ज्येष्ठ समीक्षकाने त्याला पूर्ण चार तारे दिले होते आणि त्यातले गूढ, किंचित भयावह वातावरण त्यांना जमेची बाजू वाटले होते. चेहऱ्यांवरून नजर हटवून गाडीकडे पाहिले की त्यांचे म्हणणे समजते. इंजिनाची घडण मिशिगन राज्यात जतन केलेल्या ‘पेरे मार्क्वेट १२२५’ या खऱ्या वाफेच्या इंजिनावर आधारली असून चित्रपटात ऐकू येणारा त्याचा आवाजही त्याच इंजिनावरून ध्वनिमुद्रित केलेला आहे. त्या इंजिनाचा क्रमांक अमेरिकी पद्धतीने वाचला तर २५ डिसेंबर होतो, हा योगायोग मला फार आवडतो. चित्रपटाला मिळालेल्या तीन ऑस्कर नामांकनांपैकी दोन ध्वनीसाठी आणि एक गाण्यासाठी होते, त्यातूनही त्याचे बळ कशात आहे हे दिसते. तो मोठ्या पडद्यावर आयमॅक्स त्रिमिती स्वरूपातही झळकला होता, आणि बर्फाळ डोंगरउतारावरून गाडी सुटते ते दृश्य तशाच पडद्यासाठी रचलेले आहे. तेच दृश्य फोनच्या पडद्यावर पाहिले तर गाडी लहान होते आणि चेहऱ्यांचा दोष तेवढा शिल्लक राहतो. त्यामुळे दोन माणसे या चित्रपटाविषयी भांडत असतील, तर दोघांनी तो कुठे पाहिला हे आधी विचारावे.

‘क्लाउस’ नेमक्या उलट दिशेने जातो. स्पॅनिश दिग्दर्शक सर्जिओ पाब्लोस यांनी माद्रिदमधल्या आपल्या स्टुडिओत तो हाताने रेखाटलेल्या चित्रांतून उभा केला, आणि त्या सपाट रेषांवर सावली व उजेड चढवण्यासाठी संगणकाची मदत घेतली. पात्रे लांबट नाकांची, काटकुळी किंवा डोंगराएवढी आहेत. ती माणसासारखी दिसण्याचा प्रयत्नच करत नसल्यामुळे त्यांच्या डोळ्यांतले भाव थेट पोहोचतात. नेटफ्लिक्सचा हा पहिला स्वनिर्मित ॲनिमेशनपट. त्याला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार आणि ॲनिमेशनसाठी दिले जाणारे सात ॲनी पुरस्कार मिळाले, शिवाय ऑस्करचे नामांकनही.

त्याची कथाही अधिक भरीव आहे. लाडावलेल्या जेस्परला त्याचे वडील दूर उत्तरेकडच्या एका बेटावर पोस्टमन म्हणून पाठवतात आणि वर्षभरात ६००० पत्रांची अट घालतात. गावात दोन घराण्यांचे पिढीजात वैर असल्याने तिथे कोणी कोणाला पत्र लिहीतच नाही. जंगलात एकट्या राहणाऱ्या क्लाउसकडची खेळणी पाहून जेस्परला युक्ती सुचते, आणि तिच्यातून पुढे सांताची सगळी दंतकथा आकार घेते: धुराड्यातून शिरणे, खोडकर मुलाला कोळसा, उडणारी घसरगाडी. जेस्पर हे सगळे स्वतःच्या स्वार्थासाठी करतो, पण पत्र लिहायचे म्हणून मुले शाळेत येऊ लागतात, आणि नाइलाजाने मासे विकणारी शिक्षिका पुन्हा शिकवू लागते. युरोपच्या उत्तर टोकाकडच्या सामी लोकांची भाषा बोलणाऱ्या एका लहान मुलीचे जेस्परला एक अक्षरही कळत नाही, तरी तिच्यासाठी खेळणे बनवताना तो पहिल्यांदा मनापासून राबतो. हा प्रसंग मला संपूर्ण चित्रपटात सर्वांत मोलाचा वाटतो. उणीव सांगायची तर जेस्परचे खोटे उघडे पडणे, सगळ्यांनी पाठ फिरवणे आणि मग समेट, हा शेवटच्या भागातला क्रम अनेक कौटुंबिक चित्रपटांतून परिचित आहे, आणि मध्येच वाजणारे आधुनिक पॉप गाणे त्या जुन्या काळाशी जुळत नाही.

निवड करताना पालक बहुधा मुलाचे वय पाहतात. मला मात्र आणखी एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो: मूल सांतावर विश्वास ठेवते का, आणि ठेवत असेल तर किती निःशंकपणे? ‘पोलर एक्सप्रेस’ हा शंकेविषयीचा चित्रपट आहे. ज्या मुलाला शंका येऊ लागली आहे पण विश्वास सोडवत नाही, त्याला तो आपलाच वाटतो, कारण चांदीची घंटा फक्त विश्वास ठेवणाऱ्यालाच ऐकू येते ही त्यातली कल्पना त्याच्या मनातल्या ओढाताणीला नेमकी भिडते. पण ज्याला अजून काहीच शंका नाही अशा चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यात तो प्रश्न पहिल्यांदा हाच चित्रपट घालू शकतो. शिवाय मोडक्या कळसूत्री बाहुल्यांनी भरलेल्या डब्याचे दृश्य या वयाला खरोखर भीतीदायक आहे.

‘क्लाउस’ पाहूनही प्रश्न उभे राहतात, पण ते वेगळ्या प्रकारचे. त्यातला सांता एक विधुर सुतार आहे. पत्नीच्या निधनाचे आणि न झालेल्या अपत्यांचे दुःख त्याच्या अबोलपणामागे आहे, आणि शेवटी तो या जगातून निघून जातो. सहा-सात वर्षांच्या पुढचे मूल हे सहज पचवते, आणि मृत्यूविषयी बोलायला त्याहून हळुवार निमित्त मिळणे अवघड आहे. मात्र घरात नुकतेच कोणी गेले असेल, तर मोठ्यांनी तो आधी एकट्याने पाहून घ्यावा.

वेगवेगळ्या वयांची मुले आणि मोठी माणसे एकत्र बसणार असतील, तर मी ‘क्लाउस’ निवडेन. संवाद चुरचुरीत आहेत, मोठ्यांनाही कंटाळा येत नाही, आणि तो लहान पडद्यावरही तितकाच सुंदर दिसतो. घरात आगगाड्यांचे वेड असलेले, आठ-नऊ वर्षांचे, सांताविषयी अवघड प्रश्न विचारू लागलेले मूल असेल, आणि मोठा पडदा व चांगले स्पीकर उपलब्ध असतील, तर माझे मत बदलते. अशा वेळी दिवे मालवून ‘पोलर एक्सप्रेस’ लावावा, आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवावा, आणि बाहुल्यांचा डबा येईल तेव्हा मुलाच्या शेजारी बसावे.