फळांच्या विजेचा संच : पट्ट्या चांगल्या, पुस्तिका चुकीची

सातवीत शिकणाऱ्या भाचीसाठी फळांपासून वीज तयार करण्याचा एक संच गेल्या महिन्यात ऑनलाइन मागवला. ३९९ रुपयांत तांब्याच्या व जस्ताच्या प्रत्येकी चार पट्ट्या, दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या पाच वायरी, एक पांढरा एलईडी, एक छोटे डिजिटल घड्याळ आणि आठ पानांची मराठी पुस्तिका मिळाली. लिंबे अर्थातच आपली आपण आणायची.

पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे चार कागदी लिंबे तळहाताखाली दाबून मऊ केली, प्रत्येकात दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकणार नाहीत अशा खोचल्या आणि एका लिंबाचे तांबे पुढच्या लिंबाच्या जस्ताला, अशी एकसर जोडणी केली. एलईडी मात्र खोलीत अंधार केल्यावरच, तोही जेमतेम मिणमिणला. घरच्या मल्टिमीटरवर एका लिंबाचे ०.९४ आणि चारांचे मिळून ३.७ व्होल्ट भरत होते. एलईडी जोडताच तो आकडा २.६ वर घसरला. लिंबाचा अंतर्गत रोध मोठा असतो, त्यामुळे थोडा प्रवाह घेतला तरी व्होल्टेज पडते, आणि पांढऱ्या एलईडीला नीट उजळायला सुमारे ३ व्होल्ट लागतात. लाल एलईडीचे १.८ च्या आसपास भागते. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून पाच रुपयांचा लाल एलईडी आणला, त्याचा लांब पाय तांब्याकडे जोडला आणि तो तीनच लिंबांवर दिवसाउजेडी दिसेल इतका लागला. संचात तोच का दिला नाही, हे उत्पादकालाच ठाऊक.

घड्याळाबद्दल मात्र तक्रार नाही. त्याला प्रवाह नगण्य लागतो, त्यामुळे दोन लिंबांवर ते रात्रभर चालले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही बरोबर वेळ दाखवत होते.

खरा आक्षेप पुस्तिकेवर आहे. ‘लिंबात साठलेली वीज बाहेर येते’ असे तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत छापले आहे, आणि ते साफ चूक आहे. ऊर्जा मिळते ती जस्त विरघळल्यामुळे: जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन वायरीतून तांब्यापर्यंत जातात आणि तेथे रसातील हायड्रोजनचे आयन ते स्वीकारतात, लिंबाचा आंबट रस हे केवळ माध्यम आहे. व्होल्टाने १८०० साली जस्त-तांब्याच्या चकत्या एकावर एक रचून पहिली बॅटरी केली, तेव्हा मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे होते, फळ नव्हतेच. मुलांना सांगण्याजोगी गोष्ट हीच, आणि नेमकी तीच पुस्तिकेत नाही.

वापरलेल्या लिंबाच्या रसात जस्ताचे क्षार उतरलेले असतात, म्हणून ते लिंबू खाऊ नये, ही सूचनाही कोठे नाही. भाचीने प्रयोग संपताच पहिला प्रश्न सरबताचाच विचारला होता.

पट्ट्या मात्र जाड आणि टिकाऊ आहेत. काळवंडलेले तांबे चिंचेने घासले, जस्तावर पॉलिश पेपर फिरवला आणि रविवारी उकडलेल्या बटाट्यांवर घड्याळ पुन्हा सुरू झाले. पाचपैकी तीन तारे, तेही पट्ट्या, वायरी आणि घड्याळ यांचे.