चमत्कार प्रयोगांचा संच: काय घ्यावं, काय वगळावं

शाळांत आणि एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) शिबिरांत चमत्कार सादरीकरण करणाऱ्या, म्हणजे बाबांचे 'चमत्कार' करून दाखवून त्यामागचं विज्ञान सांगणाऱ्या, कार्यकर्त्यांच्या पिशवीत काय असतं, हे जवळपास ठरून गेलेलं आहे. कापूर, लिंबू, सुरी, विभूतीच्या गोळ्या, पोटॅशियम परमँगनेट, ग्लिसरीन, चमचा आणि दूध. हा संच कुठल्या एका कंपनीचा नाही. निम्मा माल किराणा दुकानात मिळतो, उरलेला प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे. पण त्यातली प्रत्येक वस्तू सारख्या कामाची नाही, आणि काहींनी तर फायद्यापेक्षा घोटाळाच जास्त होतो.

आधी लिंबू, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. कापलं की 'रक्त' निघतं. मिथाइल ऑरेंजचं दाट द्रावण सुरीच्या पात्याला लावून वाळवायचं. लिंबाचा रस आम्ल असल्याने ते लाल होतं. पातं स्टीलचंच हवं, लोखंडी पात्यावर गंजाचे डाग उठतात आणि पुढच्या रांगेतली पोरं आधीच ओळखतात. पुष्कळ जण इथे हळद वापरून फसतात. हळद लाल होते ती चुन्याने, म्हणजे अल्कलीने. लिंबात ती पिवळीच राहते. हळदीचा प्रयोग वेगळा करावा: हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला पांढरा कपडा आणि त्यावर चुन्याच्या निवळीचा ओला पंजा. कापलेलं लिंबू मात्र सर्वांसमोर फेकून द्यावं. मिथाइल ऑरेंज पोटात जाता कामा नये, आणि सरबताची थट्टा करणारा एखादा असतोच.

रिकाम्या हातातून विभूती 'काढण्यासाठी' लागणाऱ्या गोळ्या घरीच कराव्यात. गोवऱ्यांची राख वस्त्रगाळ करून तांदळाच्या पेजेत मळायची आणि हरभऱ्याएवढ्या गोळ्या सावलीत वाळवायच्या. पेज जास्त झाली की गोळी खड्यासारखी होते, ऐनवेळी चिमटीत फुटत नाही. कमी झाली की खिशातच पीठ होतं. अंगठ्याच्या बेचक्यात गोळी धरून तळवा उपडा ठेवायचा. घामेजल्या हाताला ती चिकटते, म्हणून मे महिन्यातल्या सभेत हा प्रयोग पहिल्या पाच मिनिटांत उरकावा.

कापूर जिभेवर जाळण्याचा प्रयोग मोठ्यांनीच करावा, शाळेत नको. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा, जीभ ओली, श्वास हळू बाहेर सोडत राहायचा. चटका जाणवला की तोंड मिटायचं, ज्योत विझते. श्वास आत ओढणं आणि तुकडा गिळणं, दोन्ही धोक्याचं. कापूर विषारी आहे. आपोआप पेटणारा होम (परमँगनेटच्या भुकटीवर ग्लिसरीनचे थेंब) दिसायला झकास, पण बेभरवशाचा. थंडीत किंवा भुकटी जाडी असेल तर बराच वेळ काही होत नाही, सादर करणारा वाकून बघतो आणि नेमका तेव्हा भडका उडतो. गुलाबपाणी मिसळलेलं ग्लिसरीन तर पेटतच नाही. सोडियमवर पाणी शिंपडून नारळ पेटवण्याच्या भानगडीत तर कोणी पडूच नये.

संचातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे साधा चमचा. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. परदेशातल्या मंदिरांतही हेच घडलं. त्यात कोणाची हातचलाखी नव्हती. काठोकाठ भरलेल्या चमच्याची कड पुढे आलेल्या सोंडेला टेकली की दूध पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही, एवढंच. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घातला तेव्हा ओघळ स्पष्ट दिसला.

करून दाखवताना तीन ठिकाणी चुकतं. चमचा काठोकाठ भरलेला नसतो. मूर्तीला तेलाचा हात असतो, मग दूध पसरत नाही. किंवा पृष्ठभाग अगदी कोरडा असतो. आधी ओलं बोट फिरवावं. चमचा किंचित कलवावा, ओतू नये. आणि गणपतीच्या मूर्तीवर करूच नये. पितळी नळाची तोटी, विटेचा कोपरा, मातीचा बैल, काहीही चालतं. लोकांना धक्का बसतो तो नळानेही दूध 'प्यायल्यावर'. शिवाय श्रोत्यांतल्याच कोणाच्या तरी हातात चमचा द्यावा. लिंबाचा प्रयोग बघून माणूस घरी जातो तेव्हा बाबाच्या हुशारीऐवजी कार्यकर्त्याच्या हुशारीवर विश्वास ठेवून जातो. चमच्याचं तसं नाही. तो घरी जाऊन स्वतः करून बघतो.

याच जातीची एक वस्तू नेहमीच्या पिशवीत नसते, ती घालावी: कोरडी भाजलेली वीट. परातीत बोटभर पाणी घेऊन ती सभेच्या सुरुवातीला उभी करायची. भाषण संपेपर्यंत ओल वर चढलेली दिसते. पाणी रंगवण्याची गरज नाही, रंग बहुधा मागेच राहतो. केशाकर्षण (बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर चढणं) समजवायला याहून सोपं साधन नाही. मार्च 2012 मध्ये मुंबईत विलेपार्ल्याजवळ इर्ल्याच्या वेलंकणी चर्चमधल्या क्रूसातून पाणी ठिबकू लागलं, तेव्हा विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी नेमकं हेच सांगितलं: तुंबलेल्या सांडपाण्याची ओल भिंतीतून चढते आहे. त्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम 295अ खाली तक्रारी झाल्या आणि ते त्याच वर्षी फिनलंडला निघून गेले.

म्हणून संचात एक कागदही असायला हवा, तो क्वचितच असतो. 295अ, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेतलं कलम 299, हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने धर्माचा अपमान करण्यापुरतं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच हे स्पष्ट केलं. न्यायालयाने दखल घ्यायला सरकारची मंजुरी लागते, पण पोलिसांत गुन्हा नोंदवायला लागत नाही, आणि त्रास तिथूनच सुरू होतो. मुख्याध्यापकांचं लेखी निमंत्रण, प्रयोगांची आधी दिलेली यादी आणि पूर्ण कार्यक्रमाचं चित्रीकरण एवढं जवळ असलं की अर्धं भांडण मिटतं. देवाचं किंवा हयात बाबांचं नाव घेण्याची प्रयोगाला गरज नसते.

2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही जोडीला ठेवावा. 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच आठवड्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तो तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं आणि फसवणं यावर आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. भजन, कीर्तन, वारी, दिवंगत संतांच्या चमत्कारांच्या कथा त्याने स्पष्टपणे वगळल्या आहेत. सभेत 'आता वारीही बंद करणार का?' असं कोणी विचारलं, तर वाद न घालता ते कलम वाचून दाखवावं.

बाजारातला तयार संच घ्यायचाच असेल तर मिथाइल ऑरेंजच्या बाटलीवर नाव आणि उत्पादनाची तारीख आहे का ते बघा. 'लाल पावडर क्र. 2' असली चिठ्ठी असेल तर परत करा. आगीची पुडी वेगळी काढा. चमचा घरातला चालेल, फक्त काठ सपाट हवा.